'स्वतः' म्हणजे कोण? : स्त्री-आत्मचरित्रांतील पतिपत्नी-संवादाचे स्वरूप

१

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मराठी मध्यमवर्गीय कुटुंबात पतिपत्नींच्या बोलण्याला एक नवा विषय मिळाला. घरखर्च, मुलेबाळे, सणवार, नातलग हे विषय पूर्वापार चालत आलेले होते. नवा विषय होता तो 'उन्नती'चा : पत्नीने लिहावे-वाचावे, सभांना जावे, मनाला वळण लावून घ्यावे आणि तिच्या या सुधारण्यातून कुटुंबाचेही कल्याण साधावे. हे बोलणे बहुधा रात्रीच्या वेळी, एकत्र कुटुंबाच्या नजरेआड घडले. आपल्यापर्यंत मात्र ते प्रामुख्याने स्त्रियांच्या लेखणीतून पोचले. मराठीतील अनेक महत्त्वाच्या स्त्री-आत्मचरित्रांचा कणा अशा संवादांचा आहे. तरीही समीक्षेने त्यांच्याकडे संवाद म्हणून क्वचितच पाहिले आहे.

या लेखनाच्या वाचनाच्या दोन रीती आपल्याकडे रूढ आहेत. पहिली गौरवपर. तिच्या दृष्टीने ही आत्मचरित्रे म्हणजे थोर पतीच्या सहवासात सामान्य मुलीचे सोने कसे झाले याच्या कथा. दुसरी चिकित्सक. १९८० नंतरच्या स्त्रीवादी इतिहासलेखनाने, विशेषतः कुमकुम संगारी व सुदेश वैद यांनी १९८९ मध्ये संपादित केलेल्या लेखसंग्रहापासून, सुधारणेच्या प्रकल्पाकडे संशयाने पाहण्याची दृष्टी दिली. सुधारकांनी घडवलेली 'नवी स्त्री' ही पुरुषसत्तेचीच नवी, सुसंस्कृत आवृत्ती होती, असा या वाचनाचा रोख आहे. या दोन रीती परस्परविरोधी वाटल्या, तरी एका गृहीतावर दोघींचे एकमत आहे. पती बोलतो, पत्नी ऐकते आणि तिच्यात बदल होतो, हे दोघींनाही मान्य असते. एक त्या बदलाला उद्धार म्हणते, दुसरी त्याला ताबा म्हणते, एवढाच फरक.

प्रस्तुत विवेचनाचा मुद्दा या गृहीताविषयी आहे. या ग्रंथांत पतीचे म्हणून जे वाक्य आपण वाचतो, ते पत्नीने लिहिलेले असते. रमाबाई रानडे १८७३ सालातले बोलणे १९१० साली छापतात. मधल्या छत्तीस-सदतीस वर्षांत शब्द जसेच्या तसे टिकले असतील, असे मानणे भाबडेपणाचे आहे. टिकते ते बोलण्याचे वळण, त्यातील ताण आणि आपण त्यात कोठे उभे होतो याची आठवण. बाकीची रचना निवेदिकेची असते. म्हणून 'पतीने पत्नीला काय शिकवले' या प्रश्नाइतकाच 'पत्नीने हा संवाद कसा रचला' हा प्रश्नही महत्त्वाचा ठरतो. कोण विचारते, कोण थांबते, कोणाच्या मौनाला किती जागा मिळते आणि शेवटचे वाक्य कोणाचे, हे पाहिले म्हणजे व्यक्तिविकासाची गोष्ट गौरवपर व चिकित्सक या दोन्ही वाचनांहून वेगळी दिसू लागते.

२

'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' (१९१०) या ग्रंथात रमाबाई पतीचा उल्लेख करताना 'स्वतः' हा शब्द वापरतात. पतीचे नाव न घेण्याच्या रूढीचा हा भाग आहे हे उघड आहे. परंतु 'इकडून', 'तिकडून' असे पर्याय तत्कालीन भाषेत उपलब्ध असताना 'स्वतः' या शब्दाला मिळालेले स्थान अर्थपूर्ण आहे. कॅथरीन व्हॅन एकिन गेट्स यांनी १९३८ मध्ये या ग्रंथाचे जे इंग्रजी रूपांतर प्रसिद्ध केले, त्याचे शीर्षकच 'हिमसेल्फ' असे ठेवले. परकीय अनुवादिकेला जे खटकले, ते आपण ओळखीमुळे ओलांडून जातो. 'स्वतः' हे आत्मवाचक सर्वनाम. एरवी ते वाक्यातील दुसऱ्या कोणाकडे तरी परत वळते. रमाबाईंच्या गद्यात मात्र ते पूर्वसंदर्भावाचून, एखाद्या विशेषनामासारखे उभे राहते. आत्मचरित्र लिहिणाऱ्या स्त्रीच्या वाक्यात आत्मवाचक शब्दाची जागाच पतीने व्यापलेली आहे. आत्मोन्नती हा ज्या ग्रंथाचा विषय, त्यात 'आत्म' कोणाचे, हा प्रश्न असा व्याकरणातच येऊन बसतो.

विवाहसमयी रमाबाई अकरा वर्षांच्या होत्या आणि रानडे तिशी ओलांडलेले. प्रथम पत्नीच्या निधनानंतर सुधारक रानडे विधवेशी विवाह करतील अशी अपेक्षा होती. वडिलांच्या आग्रहापुढे त्यांनी मान तुकवली. या नामुष्कीची भरपाई म्हणून की काय, पत्नीच्या शिक्षणाला घरात पाऊल पडताच आरंभ होतो. पहिला संवादच परीक्षेचा आहे : आपले लग्न कोणाशी झाले, त्यांचे नाव काय, लिहितावाचता येते का. प्रश्न पतीचे, उत्तरे पत्नीची. गुरुशिष्य-संवादाचा हा साचा ग्रंथात पुढेही दिसतो. मात्र हळूहळू त्यात एक पालट होतो : प्रश्न विचारण्याचे काम रमाबाईंकडे येते.

आंब्यांचा प्रसंग या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. रानडे दोन-तीन फोडी खाऊन थांबतात. फळ चांगले असूनही का खाल्ले नाही, असे रमाबाई विचारतात. त्यावर जिभेला लगाम घालण्याविषयी रानडे बोलतात. आशयाकडे पाहिले तर हा संयमाचा उपदेश आहे. रचनेकडे पाहिले तर असे दिसते की हा उपदेश पत्नीच्या निरीक्षणामुळे आणि आग्रहामुळे शक्य झाला. ताटात किती फोडी उरल्या हे तिने मोजले नसते, तर तत्त्वज्ञान बोलले गेलेच नसते. बृहदारण्यकातील मैत्रेयीचे स्मरण येथे होते. याज्ञवल्क्य संपत्तीची वाटणी करून निघण्याच्या बेतात असतो. अमृतत्वाविषयीचे त्याचे प्रवचन सुरू होते ते मैत्रेयीच्या प्रश्नामुळे. पुराणांतील शिवपार्वती-संवादांचीही हीच घडण आहे. पत्नीने विचारावे आणि पतीने सांगावे या परंपरागत आकृतिबंधात रमाबाई आपला अनुभव बसवतात. परंतु मैत्रेयी स्वतः ते उपनिषद लिहीत नाही. येथे ते काम रमाबाई करतात. विचारणारी स्त्रीच सांगणारी झाल्यामुळे जुन्या आकृतिबंधाचा तोल बदलतो.

३

हा बदललेला तोल सर्वांत स्पष्ट होतो तो मौनाच्या प्रसंगात. एका सभेच्या वेळी घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांचे मन राखावे की पतीची इच्छा पाळावी, अशा पेचात सापडलेल्या रमाबाई मधली वाट काढतात. रानड्यांना ती रुचत नाही. ते रागावत नाहीत, बोलत नाहीत, एवढेच. रात्री रमाबाई त्यांच्या पायांना तूप चोळत ते बोलण्याची वाट पाहतात. त्या क्षमा मागतात तेव्हा कोठे काही वाक्ये येतात. आपल्या माणसाने आपल्या मनाप्रमाणे न वागणे कोणाला आवडेल, असा त्यांचा भावार्थ आहे.

चिकित्सक वाचनाला या प्रसंगात सौम्य शब्दांत लपलेली सत्ता दिसते आणि ते योग्यच आहे. मारहाण करणाऱ्या पतीविरुद्ध निदान मनात तरी बंड करता येते. अबोला धरणाऱ्या, सज्जन, विद्वान पतीविरुद्ध बंडाची भाषाही सापडत नाही. रमाबाईंच्या भोवती सत्तेची दोन केंद्रे होती. इंग्रजी शिकण्याला विरोध करणाऱ्या सासर्‍याघरच्या स्त्रिया हे एक आणि शिकण्याचा आग्रह धरणारा पती हे दुसरे. मुलींच्या माध्यमिक शाळेच्या मागणीसाठी भरलेल्या सभेत त्यांनी इंग्रजीतून निवेदन वाचले. त्याबद्दल घरात जे ऐकून घ्यावे लागले, ते त्यांनीच सोसावयाचे होते. उन्नतीचा कार्यक्रम पतीचा होता, त्याची किंमत मात्र पत्नीने माजघरात मोजली. 'कुटुंबाचे कल्याण' या शब्दांत कुटुंब म्हणजे माजघर की दिवाणखाना, याचा निर्णय सुधारकांच्या चर्चांत फारसा झाला नाही. रमाबाईंच्या आठवणींत तो प्रश्न प्रत्येक प्रसंगात उभा राहतो.

परंतु संवादाच्या रचनेत आणखी एक गोष्ट घडते. पती गप्प असतो तेवढा सारा वेळ पानावर पत्नी बोलत असते. तिची घालमेल, तिचे तर्क, तिने स्वतःला घातलेले दोष यांनी तो प्रसंग भरून जातो. रानड्यांच्या वाट्याला शेवटची मोजकी वाक्ये येतात. मौन हे प्रत्यक्षात पतीचे शस्त्र होते, निवेदनात ते पत्नीचे अवकाश झाले. बाख्तिन यांनी अधिकारवाणी आणि अंतःप्रत्ययातून पटलेली वाणी असा भेद केला आहे. पहिली स्वीकारायची किंवा नाकारायची असते. दुसरीत ऐकणाऱ्याचे शब्द अर्धेअधिक मिसळलेले असतात. रानड्यांची वाणी जेव्हा उच्चारली गेली, तेव्हा ती पहिल्या प्रकारची होती. रमाबाईंनी ती लिहिली, तेव्हा ती दुसऱ्या प्रकारची झाली.

ग्रंथातील विनोदाचे स्थानही याच संदर्भात पाहावे लागते. कलकत्त्यातील मुक्कामात रानडे बंगाली शिकू लागतात आणि दाढी करणाऱ्या न्हाव्याकडून उच्चार सुधारून घेतात. रमाबाई या नव्या गुरूवरून त्यांची थट्टा करतात. येथे शिकणारा पती आहे आणि त्याच्या शिकण्यावर शेरा मारणारी पत्नी आहे. हा प्रसंग वगळला असता, तर रानड्यांची थोरवी किंचितही कमी झाली नसती. रमाबाईंनी तो ठेवला. 'स्वतः' या शब्दाने उंचावर बसवलेल्या व्यक्तीला त्या अधूनमधून आपल्या बरोबरीने बसवून घेतात. १९०१ मध्ये रानड्यांचे निधन झाले. १९०४ मध्ये रमाबाई मुंबईतील महिला परिषदेच्या अध्यक्षस्थानी होत्या आणि १९०९ मध्ये त्यांनी पुण्याच्या सेवासदनाचे काम उभे केले. ज्या स्त्रीने १९१० मध्ये आपली शिष्यावस्था रेखाटली, ती त्या वेळी शिष्या राहिलेली नव्हती. शिष्येचे चित्र ही तिची निवड होती, हे विसरून चालणार नाही.

४

रमाबाईंच्या संवादात अन्नवस्त्राची चिंता जवळजवळ नाही. न्यायाधीशाच्या घरात ती असण्याचे कारण नव्हते. आनंदीबाई कर्वे यांच्या 'माझे पुराण' (१९४४) या आत्मकथनात तीच केंद्रस्थानी येते. शारदासदनात शिकलेल्या या विधवेशी धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ मध्ये विवाह केला. बहिष्कार, तुटपुंजी मिळकत आणि मिळकतीतील मोठा वाटा संस्थेकडे वळवणारा पती अशी या संसाराची परिस्थिती. कर्व्यांनी आपली विम्याची पॉलिसीही आश्रमाला दिली, तेव्हा मुलांचे पुढे काय, हा पत्नीचा प्रश्न होता. या संसाराच्या दोन बाजू दोन ग्रंथांत उपलब्ध आहेत, कारण कर्व्यांचे 'आत्मवृत्त' १९१५ मध्ये आले होते. एकाच घराची ही दोन पुस्तके शेजारी ठेवली की 'कल्याण' या शब्दाचे दोन हिशेब दिसतात. एकात विधवांचे कल्याण हा धर्म आहे आणि घर हे त्यासाठीचे साधन आहे. दुसऱ्यात घर ही देखील एक संस्थाच आहे, जिला कोणी वर्गणी देत नाही. आनंदीबाईंनी सुईणपणाचे शिक्षण घेतले ते उन्नतीच्या कल्पनेतून की अर्थार्जनाच्या गरजेतून, असे विभाजन त्यांच्या निवेदनात करताच येत नाही. शीर्षकातील 'पुराण' हा शब्दही लक्षात घ्यावा. पतीचे ते 'वृत्त', पत्नीचे ते 'पुराण', म्हणजे लांबत जाणारी, घरच्यांनी कंटाळून ऐकायची कथा. स्वतःच्या बोलण्याला घरात काय किंमत असते हे आनंदीबाईंना ठाऊक होते. ती किंमत मान्य केल्यासारखे दाखवून त्यांनी बोलणे चालू ठेवले.

५

लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'चा पहिला भाग १९३४ मध्ये प्रसिद्ध झाला. नारायण वामन टिळकांच्या चरित्रासाठी आठवणी हव्यात, हे या लेखनाचे निमित्त होते. लिहिता लिहिता चरित्राची सामग्री आत्मचरित्र झाली. येथील संवादाचा साचा गुरुशिष्याचा नाही, भांडणाचा आहे. मराठी परंपरेत या साच्यालाही पूर्वपीठिका आहे. महिपतींच्या संतचरित्रांत तुकारामांची पत्नी देवात रमलेल्या नवऱ्याला घरातल्या उपाशी पोरांची आठवण करून देते. चरित्रकाराची सहानुभूती अर्थातच संताकडे असते. 'स्मृतिचित्रे'त प्रथमच हा प्रसंग माजघराच्या बाजूने, आणि तोही हसत हसत, सांगितला गेला. घरात सामान भरायचे म्हणून दिलेल्या पैशांची शोभेची दौत घेऊन येणारा कवी आणि ती दौत पाहणारी पत्नी, या चित्रात दोघांनाही न्याय मिळतो. दौतीचे सौंदर्य लक्ष्मीबाईंना कळत नाही असे नाही. डब्यात काय आहे हेही त्यांना कळते, इतकेच.

व्यक्तिविकासाच्या दृष्टीने 'स्मृतिचित्रे'तील सर्वांत विचारणीय बाब अशी की, जीवनातील निर्णायक वळणे संवादाबाहेर घडतात. १८९५ मध्ये टिळकांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला तो पत्नीला न सांगता. पुढील काही वर्षे दोघे वेगळे राहिले. पुन्हा एकत्र आल्यानंतरही लक्ष्मीबाईंचे सोवळे, त्यांचा स्वयंपाक, त्यांचे पाणी वेगळे होते. टिळकांजवळ वक्तृत्व होते, धर्मशास्त्राचे ज्ञान होते, कवीची भाषा होती. पत्नीचा जातिभेदावरील विश्वास त्यातल्या कशानेही ढळला नाही. तो ढळला तो तिच्या एकटीच्या विचारमंथनातून. जात देवाने केली नसून माणसांनी केली, असा निष्कर्ष तिने आपला आपण काढला आणि त्यानंतर कोणाच्याही हातचे अन्नपाणी घेण्यास ती मोकळी झाली. १९०० मध्ये तिने बाप्तिस्मा घेतला, तो पतीच्या पाच वर्षे मागून आणि स्वतःच्या पायांनी चालत.

मग भांडणांचे प्रयोजन काय? माझ्या मते या भांडणांनी लक्ष्मीबाईंना पटवले नाही, परंतु न पटण्याचा अधिकार टिकवून ठेवला. रमाबाईंना पतीचे मत हे आपले मत करून घ्यावे लागले आणि मग लेखनात त्यांनी त्यावर आपला ठसा उमटवला. लक्ष्मीबाईंचे मत प्रथमपासून त्यांचे होते. त्यात चुका होत्या, अंधश्रद्धा होत्या, वडिलांच्या सोवळ्याच्या वेडाचे संस्कार होते. ते टाकण्याचे श्रमही म्हणूनच त्यांचेच होते. टिळकांविषयी एक गोष्ट मान्य केली पाहिजे : वेगळे अन्नपाणी ठेवणाऱ्या पत्नीसह राहण्याची त्यांची तयारी होती. वाट पाहण्याची ही क्षमता सुधारक पतींत दुर्मीळ होती. १९१९ मध्ये टिळक गेले, तेव्हा 'ख्रिस्तायन' अपुरे होते. ते पुढे लक्ष्मीबाईंनी पुरे केले. ज्या संवादात आयुष्यभर त्यांनी पतीचे म्हणणे मध्येच तोडले, त्यातले अखेरचे वाक्य त्यांनी पतीच्या वतीने पूर्ण केले.

६

सुनीता देशपांडे यांच्या 'आहे मनोहर तरी' (१९९०) या पुस्तकापर्यंत येताना परिस्थिती पालटलेली आहे. १९४६ मध्ये नोंदणी पद्धतीने झालेला हा विवाह दोन सज्ञान, सुशिक्षित, स्वतंत्र व्यक्तींचा. येथे पत्नीला शिकवण्याचा प्रश्न नाही. निवेदिका पतीला 'भाई' म्हणते, म्हणजे सारे जग ज्या नावाने हाक मारते त्याच नावाने. 'स्वतः'पासून 'भाई'पर्यंतचा हा प्रवास समतेचा वाटतो आणि काही प्रमाणात तो तसा आहेही. परंतु संवादाचे काय झाले? पुस्तकात प्रश्न निवेदिका विचारते, संभाव्य उत्तर तीच मांडते आणि तेही तपासून बाजूला ठेवते. भाई दीर्घ उत्तर देताना क्वचितच दिसतात. रमाबाईंच्या ग्रंथात पतीचे मौन हा एक प्रसंग होता. येथे ते पुस्तकाचे हवामान आहे. समान पातळीवर आलेल्या दोन माणसांना एकमेकांच्या वाढीविषयी बोलण्याची भाषा आपोआप मिळत नाही, हे या पुस्तकाचे अस्वस्थ करणारे निदान आहे. सुधारक पतीजवळ निदान एक कार्यक्रम होता. आधुनिक सहजीवनात कार्यक्रम गळून पडला आणि त्याच्या जागी काय यावे हे ठरले नाही.

आणखी एक भेद महत्त्वाचा आहे. रमाबाई व लक्ष्मीबाई यांनी पतीच्या पश्चात लिहिले. सुनीताबाईंचे पुस्तक पु. ल. देशपांडे हयात असताना प्रसिद्ध झाले. २००० सालापर्यंत ते होते. दिवंगत पतीशी केलेला संवाद पूर्ण करता येतो, कारण तो उत्तर देणार नसतो. हयात पतीविषयी जाहीरपणे लिहिणे म्हणजे घरातील बोलणे वाचकांच्या साक्षीने पुढे नेणे होय. या पुस्तकाभोवती जी खळबळ माजली, तिचे कारण केवळ लोकप्रिय लेखकावरील टीका हे नव्हते. दिवाणखान्यातील विनोदाला माजघरातून प्रत्युत्तर आले होते.

७

या विवेचनाची मर्यादा स्पष्ट केली पाहिजे. येथे घेतलेले चारही ग्रंथ ब्राह्मण घरांत जन्मलेल्या किंवा त्या संस्कृतीत वाढलेल्या स्त्रियांचे आहेत. पत्नीच्या उन्नतीविषयी रात्री निवांत बोलण्यासाठी स्वतंत्र खोली, दिवा, पाटी आणि रिकामा वेळ लागतो. बेबी कांबळे यांच्या 'जिणं आमुचं' (१९८६) या ग्रंथात घडणीचे केंद्र दांपत्य नाही, समाज आहे. तेथे मनाची मशागत आंबेडकरी चळवळीने केली. आपले लेखन आपण वीस वर्षे पतीपासून लपवून ठेवले होते, असे बेबीताईंनी मुलाखतीत सांगितले आहे. जेथे पतीशी बोलणे शक्य नव्हते, तेथेही आत्मभान वाढले. पतिपत्नी-संवाद ही व्यक्तिविकासाची एक ऐतिहासिक वाट होती, अपरिहार्य वाट नव्हती, हे या उदाहरणाने सिद्ध होते.

या मर्यादेत राहून एक निष्कर्ष मांडता येतो. गौरवपर वाचन पतीला शिल्पकार मानते, चिकित्सक वाचन त्याला सत्ताधारी मानते. दोन्ही वाचनांत पत्नी ही घडवली जाणारी वस्तू राहते. ग्रंथांची रचना मात्र वेगळी साक्ष देते. रमाबाई प्रश्न आणि थट्टा यांच्या आधारे उपदेशाला संवाद बनवतात. आनंदीबाई कल्याणाचा दुसरा हिशेब मांडतात. लक्ष्मीबाई न पटण्याचा हक्क राखतात. सुनीताबाई उत्तर न मिळालेला प्रश्न तसाच वाचकापुढे ठेवतात. या स्त्रियांची खरी वाढ पतीच्या तोंडच्या वाक्यांत शोधण्यापेक्षा त्या वाक्यांच्या मागेपुढे त्यांनी स्वतः जे लिहिले, त्यात शोधली पाहिजे. सत्तेचा प्रश्न त्यामुळे निकालात निघत नाही. घरात कोणाचे चालले, या प्रश्नाचे उत्तर बहुतेक वेळा 'पतीचे' असेच आहे. पानावर कोणाचे चालले, हा प्रश्न वेगळा आहे. समीक्षेचे काम या दुसऱ्या प्रश्नापासून सुरू होते. 'स्वतः' या शब्दाचा कर्ता वाक्यात कोणीही असो, ते वाक्य लिहिणारा हात रमाबाईंचा आहे.